थोरली, धाकटी आणि ऐंशी लिटर

नाही, मला एक सांगा, कपडे धुवायचे म्हणजे पाणी लागतं की नाही? साधा प्रश्न आहे. लागतं ना? मग ते दिसायला नको? मी त्या नव्या मशीनसमोर स्टूल टाकून बसलो, समोर ती गोल काच, काचेच्या आत आमच्या चादरी, आणि पाणी... पाणीच नाही. म्हणजे चादरी ओल्या दिसतायत, वर जातायत, धपकन खाली पडतायत, पुन्हा वर जातायत, पण तळाशी वाकून पाहावं तर बशीत सांडलेल्या चहाएवढं काहीतरी चमकतंय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी म्हटलं आता घेईल, मग घेईल, तर ती बया थांबली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि उलट्या बाजूनं फिरायला लागली. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी पाणी खात्यात मीटर रीडर होतो, लोकांना पाणी चोरताना पाहिलं, सांडताना पाहिलं, रस्त्याला आंघोळ घालताना पाहिलं, पण पाण्याशिवाय धुणं धुणारं कुणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बसा ना, उभे का? माझ्याकडे अजून चाळीस मिनिटं आहेत. कसली चाळीस मिनिटं, ते कळेल पुढे. तोवर बसा.

तर मीटर. माझं आयुष्य मीटरवर गेलंय. भिंतीच्या खोबणीत, जिन्याखाली, झाडाच्या मुळात, कुत्र्याच्या मागे, जिथं म्हणून मीटर असेल तिथं मी वाकलोय. काळे आकडे हजार लिटरचे, लाल आकडे सुट्या लिटरचे. काचेवर पेन्सिलीनं एक टकटक करायची, काटा अडकला असेल तर सुटतो, मग आकडा लिहायचा. माणूस सांगतो, छे हो, आम्ही तर गावालाच होतो. मीटर सांगतं, नव्हतात. माणूस सांगतो, आमच्याकडे गळती नाही. मीटर सांगतं, स्वयंपाकघरातला डावा नळ. मी खात्यात नव्या लोकांना पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करायला लावायचो, माणूस काहीही बोलो, मीटर खोटं बोलत नाही.

आणि गंमत बघा, एवढं ज्याचं मीटरवर प्रेम, त्याच्याच घरच्या मीटरवर खात्यानं संशय घेतला. एकदा नाही, दोनदा. कारण काय? तर आमचं रीडिंग फार कमी. आख्ख्या गल्लीत सर्वांत कमी. आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत जेवढं पाणी पंधरवड्यात जायचं, तेवढं आमच्याकडे महिन्याला. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे बघा, मनात काही ठेवू नका, पण तुमच्याकडे आंघोळ करतात ना?" मी म्हटलं, "साहेब, रोज." ते म्हणाले, "मग मीटरला काही केलंत का?" मी म्हटलं, "साहेब, मीटर खोटं बोलत नाही." त्यावर ते काय म्हणाले माहितीये? "सगळे असंच म्हणतात." आता हे वाक्य माझं. मी लोकांना दारादारात ऐकवायचो ते. तेच माझ्या तोंडावर मारलं.

नवीन मीटर बसवलं. रीडिंग तेवढंच. मग दुसऱ्यांदा बदललं, तरी तेवढंच. शेवटी खात्यानं हात टेकले आणि मला प्रशस्तिपत्र दिलं. आदर्श पाणी बचत. चौकट करून. वर भाषण करायला लावलं. मी बोललो की हो, पाऊण तास बोललो. घरात शिस्त लागते, म्हटलं. मी प्रत्येक नळावर पाटी लावलीये, म्हटलं. दात घासताना मी मुलीच्या मागे उभा राहतो, म्हटलं. टाळ्या पडल्या. आमची ही पहिल्या रांगेत बसली होती, तिनेही वाजवल्या. घरी येऊन मी चौकट हॉलमध्ये लावली, आणि गेली वीस वर्षं ही दर आठवड्याला त्या चौकटीवरची धूळ पुसतेय. एक अक्षर बोललेली नाही. लक्षात ठेवा हे.

आता मशीनकडे येतो. आमच्याकडे जुनं मशीन आहे, मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेलं. दोन टबांचं. एका टबात धुवायचं, उचलून दुसऱ्यात पिळायचं. पाणी आपण भरायचं, आपण सोडायचं, बटण म्हणाल तर एक गोल फिरवायची कळ, ती कर्रर्र करत परत जाग्यावर येते की काम झालं. एकतीस वर्षं. एकदा पट्टा बदललाय आणि एकदा झाकण, बाकी काही नाही. पिळायला लागलं की असं थडथडतं की कपाटातली भांडी बोलायला लागतात. पण कुरकूर नाही. मुलगी लहानपणी तिला मोठी बहीण म्हणायची, त्यावरून नाव पडलं थोरली. घरात कुणी मशीन म्हणतच नाही. "थोरलीला लावलंय," "थोरलीचं झालं का बघा," असंच.

तर झालं असं की हिचा खांदा दुखायला लागला. उजवा. आधी म्हणाली, झोपेत अवघडला. मग म्हणाली, उशी जाड आहे. मी उशी बदलली. मग एके दिवशी मी पाहिलं, ही आरशासमोर उभी, आणि उजवा हात वर जावा म्हणून डाव्या हातानं तो उचलून धरतेय आणि तसा धरून केस विंचरतेय. मला बघितलं तर म्हणते कशी, "काय बघताय? जरा व्यायाम चाललाय." उचललं तिला आणि नेलं डॉक्टरांकडे. हाडांचे डॉक्टर, माणूस मोजकं बोलणारा. फोटो पाहिला आणि म्हणाला, "बादली उचलता?" ही म्हणाली, "कधीतरी." डॉक्टर म्हणाला, "यापुढे भरलेली नाही, अर्धी नाही, रिकामीही नाही. खांद्याचा स्नायू फाटलाय, आणखी फाटला तर हात खांद्याच्या वर जाणार नाही, कायमचा." घरी येताना वाटेत ही एवढंच म्हणाली, "किती बोलतो तो."

मुलीला कळवलं. चार दिवसांत दारात खोकं. केवढं खोकं, तर दार काढावं लागलं. नवीन मशीन. समोरून उघडणारं, गोल काचेचं, वर अठरा दिवे. मुलगी फोनवर, "आई, तू आता फक्त कपडे टाकायचे आणि बटण दाबायचं. आणि ते जुनं धूड काढून टाका. एका खेपेला एकशेवीस लिटर पितं ते, मी वाचलंय. हे पन्नासच्या आत घेतं."

बसवायला एक गृहस्थ आला होता, अतिशय सभ्य, बूट बाहेर काढून मोज्यांवर वावरणारा. मी त्याला म्हटलं, पन्नास लिटरमध्ये सहा किलो कपडे? तो म्हणाला, "काका, ती कपड्यांचा अंदाज घेते आणि लागेल तेवढंच पाणी घेते." मी म्हटलं, अंदाज कसा घेते? म्हणाला, "आधी कोरडेच फिरवून बघते, काका." मी म्हटलं, आणि कमी पडलं तर? म्हणाला, "काका, तुम्ही हात लावू नका." हे तो मला चार वेळा म्हणाला. जाताना दारातून पाचव्यांदा.

आता तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर माणसाचा हात कसा राहील? मघाशी सांगितलं ना, स्टूल टाकून बसलो, पाणी दिसेना. मला हो वाईटच वाटायला लागलं. नवीन आहे, परक्या घरी आलीये, मागायला लाजत असेल. साबणाचा तो खण असतो वर, तो ओढला आणि मगानं पाणी ओतलं. एक मग, दोन मग, चार मग झाले. साधारण चार लिटर. बरं वाटलं. मग मीटरवर जाऊन बघितलं, कपडे धुऊन झाल्यावर, तर चव्वेचाळीस लिटर. दुसऱ्या दिवशी तेवढेच कपडे, मी मगाला हात लावला नाही, तर अठ्ठेचाळीस. कळलं का? मी चार ओतले, तर तिनं नळाकडून चार कमी घेतले. कुणाला न सांगता. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत एवढा प्रामाणिक ग्राहक मी पाहिला नाही. त्या दिवसापासून तिचं नाव धाकटी.

मी हिला म्हटलं, "अगं, अठ्ठेचाळीस लिटर, आणि कॉलर बघ, कॉलर." ही कॉलर बघते, उलटी करून बघते, उजेडात धरून बघते. म्हणाली, "चांगली आहे." आता ही चांगली आहे म्हणते म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही, ती माझ्या लग्नातल्या फोटोलाही ठीक म्हणते. मला वाटलं, झालं काम. तर म्हणते, "पण थोरली जाणार नाही. ती पाणी कमी घेते."

थोरली कमी घेते? मी हसलो. सुट्टीचा दिवस म्हणून मुलगी आली होती, तीही हसली. आणि तिथं ही चिडली. ही चिडली की आवाज चढत नाही, उतरतो. म्हणाली, "ठीक आहे. घरात मीटर रीडर आहे ना? मोजा. धाकटीनं माझ्या थोरलीपेक्षा कमी पाणी घेतलं तर थोरलीला मी स्वतः दारापर्यंत सोडून येईन. आणि नाही घेतलं, तर ही पंधरा दिवसांत परत जाते, खोक्यासकट, आणि माझ्या खांद्याबद्दल या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही." मुलगी माझ्याकडे बघते, मी मुलीकडे. मनात म्हटलं, एकशेवीस विरुद्ध अठ्ठेचाळीस, यात हरायचं कसं? म्हटलं, "मंजूर. मीटर खोटं बोलत नाही."

दोन आठवड्यांचे कपडे साठवले. मुलीनं तिच्या घरचं गाठोडंही आणलं. पडदे काढले, पायपुसणी काढली. वजनकाट्यावर मी स्वतः उभा, हातात कपडे, मग माझं वजन वजा, असं करत दोन वाटे केले, प्रत्येकी पंधरा किलो, पाच पाचच्या तीन खेपा. पांढरे, रंगीत आणि फडकी-पायपुसणी. शनिवारी धाकटी, रविवारी थोरली. नियम एकच, मोजणी चालू असताना घरातला दुसरा कुठलाही नळ उघडायचा नाही. आता धाकटीची एक खेप म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. तीन खेपा. आठ तास! मुलगी म्हणते, "बाबा, हात धुवायचेत." म्हटलं, भरून ठेवलेल्या बादलीतून घे. "बाबा, चहा ठेवायचाय." पातेल्यात कालच भरून ठेवलंय. "बाबा, मी माझ्या घरी जाऊन हात धुऊन येते." गेली आणि रात्रीची जेवायलाच आली.

धाकटीचा निकाल. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस. एकशे चव्वेचाळीस. कौतुक करावं तेवढं थोडं. आणि एवढं करून वर तोंड मिटून. झाल्यावर एक छोटंसं गाणं वाजवते, बस.

रविवारी थोरली. आता मी थोरलीला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं, खरं सांगतो. चौतीस वर्षं सकाळी मी लोकांच्या जिन्याखाली. आणि निवृत्त झाल्यावर धुण्याच्या दिवशी मला घराबाहेर काढायची, "मध्ये मध्ये करू नका, फिरून या." त्या दिवशी पहिल्यांदा मी वही घेऊन धुण्याच्या जागेत उभा राहिलो.

तिथं कोपऱ्यात एक निळं पिंप असतं, झाकण लावलेलं. मला वाटायचं त्यात साबण असेल. हिनं झाकण काढलं तर आत पाणी. चाळीस लिटर. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "गेल्या धुण्याचं शेवटचं विसळलेलं पाणी. त्यात साबण नसतो म्हटलं तरी चालेल." आणि ते तिनं बादली बादलीनं थोरलीत ओतलं आणि साबण टाकला. मुलगी ओरडली, "आई, ही चीटिंग आहे." ही म्हणाली, "आज जेवढं पिंपातून घेतलं, तेवढं संध्याकाळी पिंपात परत असेल. तेव्हा बोल." मी पंच. मी विचार केला. म्हटलं, बरोबर आहे, चालेल.

मग त्या एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे. ते काढून पिळून बाजूला. त्याच पाण्यात रंगीत. ते काढले. त्याच पाण्यात पायपुसणी. तीन खेपा, एक पाणी. नळाचा अजून एक थेंब नाही! मी मीटरवर पळत जाऊन आलो, काटा जागच्या जागी. मला वाटलं अडकला, टकटक केली. नाही हो, अडकला नव्हता. मग ते काळं पाणी हिनं बादल्यांत घेतलं, त्यात जिना धुतला, अंगण घासलं, उरलेलं संडासाच्या कोपऱ्यात ठेवलं. मग नळाचं ताजं पाणी, चाळीस लिटर, त्यात पांढरे विसळले, मग रंगीत, मग पायपुसणी. ते पाणी सोडलं फरशीच्या बादल्यांत. पुन्हा ताजं चाळीस, पुन्हा तिघं ओळीनं. आणि ते शेवटचं पाणी, जवळजवळ स्वच्छ, परत निळ्या पिंपात, झाकण बंद.

मी पेन्सिल तोंडात धरून उभा. तुम्हाला कल्पना आहे का मी काय बघत होतो? मोठ्या साहेबांनी दार लावून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बघत होतो. दोन मीटरं बदलून खात्याला जे सापडलं नाही ते. ती चौकट, ते पाऊण तासाचं भाषण, नळांवरच्या पाट्या... पाट्यांनी कधी पाणी वाचलंय का? पाणी ही वाचवत होती, एकतीस वर्षं, या कोपऱ्यात, एका पिंपात. आणि टाळ्याही हिनेच वाजवल्या. मला इतकी लाज वाटली आणि इतका अभिमान वाटला की कुठलं आधी वाटलं ते सांगता येणार नाही.

पण मी आणखी एक बघत होतो. तिसऱ्या खेपेला तिनं बादली डाव्या हातानं उचलली. उजवा हात अंगाशी घट्ट धरलेला. मी पुढे झालो तर म्हणाली, "पंचानं हात लावायचा नाही." आणि गाणं गुणगुणायला लागली. आमची ही कधी गुणगुणत नाही. दुखतंय हे ऐकू येऊ नये म्हणून गुणगुणत होती, कळतं हो मला. छत्तीस वर्षं झाली लग्नाला.

संपलं. मी मीटरवर गेलो. एकटाच. वाकलो, टकटक केली, वाचलं. ऐंशी. एकोणऐंशी नाही, एक्क्याऐंशी नाही, ऐंशी लिटर. पंधरा किलो कपडे ऐंशी लिटरमध्ये. धाकटीचे एकशे चव्वेचाळीस. ही जिंकली होती, सपशेल. म्हणजे धाकटी परत. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा बादल्या, त्याच्या पुढच्याही, आणि एक दिवस तो हात वर जाणार नाही. मी तिथं मीटरपाशी उभाच राहिलो. चौतीस वर्षांत किती लोकांनी गळ घातली, आकडा जरा इकडेतिकडे करा म्हणून, ओळखीचे, नातलग, एकदा तर माझा सख्खा मेव्हणा. कधी नाही केला. एकदाही नाही.

आत आलो. म्हटलं, "एकशे ब्याण्णव."

कुठून आला हा आकडा, मला विचारू नका. आला तोंडात.

मुलीनं टाळी वाजवली. हिनं माझ्याकडे पाहिलं. "किती?" मी म्हटलं, "एकशे ब्याण्णव." पदराला... नाही, टॉवेलला हात पुसले, म्हणाली, "बरं," आणि जाऊन थोरलीची वायर काढली. वायर गुंडाळली, पाईप गुंडाळला. मग फडकं घेऊन तिला पुसायला लागली, वरून, बाजूनं, मागून, ती गोल कळ सुद्धा, कळीच्या खाचा सुद्धा. मुलगी म्हणाली, "आई, जायचंच आहे तिला, कशाला पुसतेस?" ही म्हणाली, "जाणाऱ्याला काय तसंच पाठवायचं?" मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि भिंतीलाच म्हटलं, "ऐंशी."

पुसणं थांबलं नाही. मागून आवाज आला, "मला माहितीये. चाळीस दुणे ऐंशी. मी काय मोजत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तुम्हाला किती वेळ दम धरवतो ते." मग फडकं पिळून दोरीवर टाकलं, डाव्या हातानं, आणि म्हणाली, "तुम्हाला खोटं रीडिंग सांगायला लागलं म्हणजे हा खांदा माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त दुखतोय."

मी म्हटलं, मीटर खोटं बोलत नाही गं, मीच बोललो. आणि खाली बसलो, त्या थोरलीच्या शेजारी, ओल्या फरशीवर. मुलगी एकदा हिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, शेवटी म्हणाली, "मी चहा ठेवते. नळ उघडू ना आता?"

चहा पिता पिता हिनं निकाल दिला. म्हणजे पंच मी होतो, पण निकाल हिनंच दिला. धाकटी राहील, धुणं ती धुवेल. थोरलीही राहील. धाकटीचं पाणी बाहेर सोडायचा जो पाईप आहे तो गटारात न सोडता थोरलीत सोडायचा. पहिलं पाणी काळं, ते बादल्यांत, जिन्याला. नंतरचं विसळलेलं थोरलीत, त्यात पायपुसणी आणि फडकी. शेवटचं पिंपात, आणि पिंपातलं पुढच्या खेपेला मगानं धाकटीच्या खणात, म्हणजे ती नळाकडून तेवढं कमी घेईल. मी म्हटलं, "वा, आणि पाईप एकातून दुसऱ्यात कोण बदलणार? बादल्या कोण उचलणार?" ही माझ्याकडे बघून हसली. छत्तीस वर्षांतलं सर्वांत गोड हसू. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती चौकट मी हॉलमधून काढली आणि धुण्याच्या जागेत लावली, पिंपाच्या वर. ही म्हणाली, "ओल लागेल तिला." म्हटलं, लागू दे, जागेवर आहे आता.

तर आता असं आहे, धाकटी ऑटोमॅटिक, आणि मी सेमी. एका खेपेला तीन वेळा ती पाणी सोडते, तीनही वेळा मी पाईप धरून हजर. पहिलं सोडल्यापासून दुसरं सोडेपर्यंत मोजून चाळीस मिनिटं. बाहेर जायचं ते तेवढ्यात. दाढी, दूध, गप्पा, सगळं चाळीस मिनिटांत. आणि कुठं शिकली कोण जाणे, मी पाईप धरून उभा राहिलो की ही दुरून म्हणते, "हात हलवू नका, सांडतंय." मी नळावर लावलेली पाटी तिनं माझ्याच पाठीमागे लावलीये.

आणि गेल्या आठवड्यात खात्यातून बाई आल्या. माझ्या जागेवर आलेल्या, मीच तयार केलेल्या. अतिशय चोख. मी अंगणात, दोन्ही हातांत काळ्या पाण्याच्या बादल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. बाई मीटरपाशी वाकल्या. काचेवर पेन्सिलीनं टकटक केली, अगदी मी शिकवलं तशी, एकच. आकडा पाहिला. मागचा आकडा पाहिला. पुन्हा टकटक. मग उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघितलं. आमचं रीडिंग आधीच गल्लीत सर्वांत कमी, आता त्याच्याही निम्मं झालंय हो. म्हणाल्या, "सर... तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मी म्हटलं, "अहो बाई, असं काय करता, मीटर खोटं बोलत नाही."

बाईंनी वहीत लिहिलं, मीटर संशयास्पद, बदलावे. खाली सही केली. आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाल्या, "सर, सगळे असंच म्हणतात."

वाक्य माझंच. उद्या येतायत तिसरं बसवायला. तुम्ही असाल ना इथं? जरा सांगा त्यांना, माझ्या बाजूनं... हां, ऐकलंत? आत गाणं वाजलं. म्हणजे... नाही, गाणं नाही, ही हाक मारतेय. "अहो, धाकटीनं पाणी सोडलं."

आलो. आलो गं, तू उचलू नकोस.